रॉड काढल्यानंतरचे दिवस

हाड मोडलं की घरदार धावतं. कोल्हापूर-सांगलीकडून आईवडील रात्रीच्या बसनं बेंगळुरूला पोहोचतात, मित्र आळीपाळीनं दवाखान्यात झोपायला येतात, मावशी डिंकाचे लाडू पाठवते. दीड-दोन वर्षांनी त्याच हाडातली प्लेट किंवा रॉड काढायची वेळ येते तेव्हा मात्र कुणी येत नाही, कारण कुणाला बोलावलेलंच नसतं. ‘छोटं ऑपरेशन आहे, संध्याकाळपर्यंत घरी’ एवढं फोनवर सांगून माणूस शुक्रवारची रजा टाकतो आणि सोमवारी लॅपटॉप उघडून कामाला बसतो.

ऑपरेशन छोटं असतं हे बहुतेक वेळा खरंच आहे. त्यानंतरचा काळ मात्र छोटा नसतो. पहिल्या वेळी दुखणंच माणसाला जपत असतं. पाय टेकला की कळ येते, म्हणून तो टेकत नाही. या खेपेला आठ-दहा दिवसांत दुखणं ओसरतं, चाल सुधारते, आपण बरे झालो असं वाटू लागतं, आणि नेमकं त्याच दिवसांत हाड आधाराविना आणि स्क्रूच्या भोकांसकट उभं असतं. दुखणं आधी जातं, ताकद मागून येते. या दोहोंमधल्या आठवड्यांकडे आपल्याकडे ना पेशंट नीट बघतो, ना घरचे, ना नोकरी देणारे. पुष्कळदा दवाखानेही बघत नाहीत.

बेंगळुरूत तर हा प्रश्न गल्लोगल्ली आहे. शहरातल्या नोंदणीकृत वाहनांनी एक कोटीचा आकडा केव्हाच ओलांडला आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक दुचाकी आहेत. पाऊस, खड्डे, ओला सिमेंटचा रस्ता आणि आउटर रिंग रोडवरची घाई, यांतून नडग्या, घोटे, मनगटं आणि कॉलर बोन मोडत राहतात. जयनगर पहिल्या ब्लॉकमधल्या संजय गांधी इन्स्टिट्यूट ऑफ ट्रॉमा अँड ऑर्थोपेडिक्स या सरकारी संस्थेपासून खासगी हाडांच्या दवाखान्यांपर्यंत रोज कुणाच्या तरी अंगात स्टील किंवा टायटॅनियम बसवलं जातं. जे बसवलं, त्यातलं काही पुढेमागे काढावं लागतं.

धातूनं हाड सांधण्याची विद्या शंभर-सव्वाशे वर्षांची आहे. लंडनमध्ये आर्बथनॉट लेन आणि बेल्जियममध्ये आल्बिन लाम्बोत यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्लेटा आणि स्क्रू वापरायला सुरुवात केली. जर्मनीत कील इथं गेरहार्ड क्युंट्शर यानं १९३९ च्या सुमारास मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब सळी घालून दाखवली. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये मॉरिस म्युलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘एओ’ हा गट स्थापन केला आणि फ्रॅक्चरच्या ऑपरेशनला शिस्त आली. आपल्याकडे कोपर ते मनगट या भागातल्या दोन हाडांसाठी चौकोनी छेदाचा ‘तळवलकर नेल’ कित्येक वर्षं वापरला गेला. हाडांच्या डॉक्टरांच्या तोंडी आजही ते मराठी आडनाव असतं.

त्या जुन्या शिस्तीत एक गृहीतक होतं. हाड जुळलं की धातूचं काम संपलं, म्हणून तो काढायचा. मध्य युरोपात आणि फिनलंडमध्ये ते इतकं मुरलं होतं, की १९९६ साली हेलसिंकीतल्या डॉक्टरांनी हिशेब मांडला तेव्हा त्यांच्या विभागातल्या सगळ्या ऑपरेशनांपैकी सुमारे १५ टक्के निव्वळ धातू काढण्याची निघाली. मग विचार बदलू लागला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६५ देशांतल्या ६५५ सर्जनना विचारलं गेलं आणि अर्ध्याहून अधिक जणांनी सांगितलं, की त्रास नसेल तर सरसकट धातू काढायची गरज नाही. आज बहुतेक ठिकाणी हीच भूमिका आहे. ज्याला त्रास नाही अशा प्रौढ माणसाच्या अंगात धातू राहिला तर बिघडत नाही.

तरीही लोक धातू काढायला येतात, आणि त्यांतल्या अनेकांची कारणं रास्त असतात. कॉलर बोनवरची प्लेट कातडीच्या अगदी खाली असते, लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा रोज तिच्यावरच घासतो. घोट्याच्या बाहेरच्या बाजूची प्लेट बुटाच्या काठाला लागते. गुडघ्याची वाटी किंवा कोपराचं टोक तारेनं बांधलं असेल तर तारेची पिळलेली टोकं टोचतात. जमिनीवर गुडघे टेकून पूजेला किंवा नमाजाला बसणाऱ्याला ती पहिल्या महिन्यातच जाणवतात. नडगीतला रॉड गुडघ्याच्या पुढून घातलेला असतो, त्यामुळे मांडी घालताना आणि उकिडवं बसताना गुडघा पुढून दुखतो. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूची प्लेट पुढे आलेली असेल तर अंगठा वाकवणारी दोरी तिच्यावर घासून तुटू शकते. अशी प्लेट वाट न बघता काढावी लागते. जंतुसंसर्ग झाला असेल तर प्रश्नच उरत नाही. लहान मुलांचं हाड वाढत असतं, ते धातूवर चढून त्याला गिळून टाकतं, म्हणून त्यांच्या लवचीक सळ्या हाड जुळल्यावर सहसा वर्षाच्या आत काढतात.

उलट वयस्क माणसाच्या खुब्यातला रॉड किंवा स्क्रू काढायचा हट्ट धरू नये. तो काढल्यावर खुब्याची मान मोडल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. घोट्याच्या दोन हाडांना एकत्र धरणारा स्क्रू पूर्वी सरसकट काढत. नेदरलँडमधल्या डॉक्टरांनी हे तपासून २०२१ साली निष्कर्ष मांडला, की त्रास होईल त्याचाच स्क्रू काढला तरी वर्षभरानंतरची चाल तेवढीच चांगली असते आणि गुंतागुंत कमी होते.

भीतीपोटी मात्र काढू नये. ‘अंगात गंजेल’, ‘एमआरआय करता येणार नाही’, ‘विमानतळावर अडवतील’ ही तीन वाक्यं बेंगळुरूच्या ओपीडीत सगळ्या भाषांत ऐकू येतात. आजचं ३१६ एल स्टील आणि टायटॅनियम हे चुंबकाला ओढले जाणारे धातू नाहीत. एमआरआय करता येतो. धातूच्या आसपासचं चित्र तेवढं धूसर येतं. विमानतळावर यंत्र वाजलं तर हातानं तपासणी होते आणि माणूस पुढे जातो. एवढ्यासाठी पुन्हा भूल घ्यायची नसते.

केव्हा काढायचं, हा पुढचा प्रश्न आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. फोटोत हाड जुळलेलं दिसलं तरी आतली बांधणी पक्की व्हायला पुढे बराच काळ जातो. म्हणून घोट्याला साधारण वर्ष, नडगीला वर्ष ते दीड वर्ष, मांडीच्या हाडाला दोन वर्षं आणि कोपर ते मनगट या भागाला दीड ते दोन वर्षं थांबतात. शेवटच्या जागेची हाडं बारीक, आणि पिळाचा भार त्यांच्यावर सतत येतो. प्लेट घाईनं काढल्यावर ती पुन्हा मोडतात, हे हाडांचे डॉक्टर फार पूर्वीपासून जाणतात. लग्न ठरलंय, परदेशी जायचंय, कंपनीचा विमा मार्चमध्ये संपतोय, ही कारणं पेशंटच्या दृष्टीनं खरी असतात. हाडाला ती लागू होत नाहीत.

आता ऑपरेशन थिएटरमध्ये काय होतं ते जवळून बघू, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. जुन्याच व्रणावरून चीर देतात. प्लेटीवर कडक पांढरट थर आलेला असतो, काही ठिकाणी हाडानं तिच्या कडा झाकलेल्या असतात. छिन्नीनं तो थर काढून एकेका स्क्रूचं डोकं मोकळं करतात, त्याच्या खाचेत रुतलेला कण अन् कण टोकदार हत्यारानं उकरून काढतात. मग स्क्रूड्रायव्हर. साडेतीन मिलिमीटरच्या साध्या स्क्रूच्या डोक्यात अडीच मिलिमीटरची षटकोनी खाच असते, साडेचार मिलिमीटरच्या स्क्रूला साडेतीनची. काही कंपन्यांचे स्क्रू चांदणीच्या आकाराच्या खाचेचे. चुकीचा स्क्रूड्रायव्हर लावला किंवा खाच झिजलेली असली की तो जागीच फिरतो आणि डोकं गुळगुळीत होतं. टायटॅनियमच्या लॉकिंग प्लेटीत स्क्रूचे आटे प्लेटीच्या आट्यांत इतके घट्ट बसतात, की दोन्ही एकजीव झाल्यासारखे वाटतात. मग उलट्या आट्यांचं हत्यार लावायचं, नाहीतर कठीण धातूच्या ड्रिलनं डोकंच उडवायचं. वीस मिनिटांचं काम दीड तासावर जातं. चीर मोठी होते, हाड आणखी कोरलं जातं, आणि कधी तुटलेला स्क्रू आतच ठेवणं शहाणपणाचं ठरतं.

म्हणून पहिल्या ऑपरेशनच्या कागदपत्रांतला एक चिकटवलेला कागद सोन्यासारखा जपावा. त्यावर कंपनीचं नाव, धातू, मापं असतात. पुण्यात किंवा हुबळीत बसवलेली प्लेट बेंगळुरूत काढायची असेल आणि हा कागद नसेल, तर सर्जनला नुसत्या एक्स-रेवरून अंदाज बांधावा लागतो. हत्यारांचे दोन-तीन संच मागवून ठेवावे लागतात. ‘सगळंच निघेल याची खात्री नाही’ असं एखाद्या डॉक्टरनं आधीच सांगितलं तर त्याच्यावर नाराज होऊ नये. तो खरं बोलतोय.

पायाच्या ऑपरेशनला बहुतेक वेळा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली भूल देतात, हाताला खांद्याजवळ किंवा काखेत. पाय जड होऊन परत जागा व्हायला काही तास लागतात आणि तोवर एकट्यानं उठायचं नाही. लघवी अडली तर लाजू नये, लगेच सांगावं. उठून बसलं की डोकं फुटतंय आणि आडवं झालं की थांबतंय असं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झालं, तर ते पाठीतल्या सुईमुळे असू शकतं. घरगुती उपाय न करता भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळवावं.

पहिले तीन-चार दिवस दुखतं ते मुख्यतः चिरेचं आणि खरवडलेल्या हाडाचं. गोळ्या ठरलेल्या वेळी घेतल्या तर त्या कमी लागतात; कळ असह्य होईपर्यंत थांबून मग गोळी शोधणं हा आपला मराठी सोशिकपणा इथं कामाचा नाही. पाय छातीच्या पातळीपेक्षा वर राहील अशा उशा लावून पडायचं, पावलं घोट्यातून वरखाली हलवत राहायची, पंच्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात, तोवर जखम कोरडी ठेवायची. घोट्याची सूज मात्र टाक्यांबरोबर जात नाही. ती संध्याकाळी येते, सकाळी उतरते, आणि काही महिने असंच चालतं. यात घाबरण्यासारखं काही नाही.

घाबरायचं ते जंतुसंसर्गाला. लोकांना वाटतं, हे ‘स्वच्छ’ ऑपरेशन, यात काय व्हायचंय? नेदरलँडमधल्या १९ रुग्णालयांनी मिळून गुडघ्याखालचा धातू काढलेल्या सुमारे पाचशे पेशंटांवर एक अभ्यास केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशनआधी अँटिबायोटिकचा एक डोस दिलेल्यांपैकी १३.२ टक्के लोकांच्या जखमेत संसर्ग झाला, न दिलेल्यांपैकी १४.९ टक्के. डोस देण्या-न देण्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही, पण माझं लक्ष वेधलं ते दोन्ही आकड्यांनी. दर सात जणांत एकाला संसर्ग! बहुतेक संसर्ग वरवरचे आणि औषधानं बरे होणारे, तरीही ज्याला आपण किरकोळ म्हणतो त्या ऑपरेशनचा हा आकडा आहे. जखमेभोवती वाढती लाली, चिकट स्राव, थंडी वाजून ताप, टाक्यांपाशी ठणका, यांतलं काहीही दिसलं तर ड्रेसिंगच्या तारखेची वाट बघू नये. पोटरी एकाच बाजूची घट्ट सुजून दुखू लागली तर शिरेत रक्ताची गुठळी झाली असू शकते. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी गाठावी. दंडातली प्लेट काढल्यावर मनगट वर उचलता येत नसेल तर ते तिथून जाणाऱ्या नसेचं दुखणं असतं. ही नस पुष्कळदा आपली आपण सावरते, पण कळवायला हवं.

आता भोकांबद्दल. प्रत्येक स्क्रू निघाला की हाडात एक आरपार भोक राहतं. वहीचं पान जसं भोकांच्या ओळीवरूनच फाटतं, तसं हाडावर भार आला की तो भोकाच्या काठाशी एकवटतो, विशेषतः पिळाचा भार. शिवाय इतके दिवस प्लेटीनं वजन वाटून घेतलेलं असतं, त्यामुळे तिच्याखालचं हाड थोडं विरळ झालेलं असतं. सशांच्या हाडांवर १९७२ साली केलेल्या प्रयोगांत दिसलं, की स्क्रूच्या भोकामुळे आलेला हा कमकुवतपणा आठ आठवड्यांच्या आसपास नाहीसा होतो. माणसाचं हाड सशापेक्षा सावकाश भरतं, प्लेटीखालचा विरळपणा भरून यायला तर आणखी काळ जातो. एक्स-रेमध्ये भोकांच्या खुणा वर्षभरानंतरही दिसतात. त्या दिसल्या म्हणून हाड कच्चं असं नाही, आणि दुखत नाही म्हणून हाड पक्कं असंही नाही.

यावरून व्यवहार ठरतो. नडगी किंवा मांडीतला रॉड काढला असेल तर हाडाच्या भिंतीला वरखाली दोन-चारच भोकं असतात. अशा पेशंटला बहुधा दुसऱ्या दिवशीच पूर्ण वजन टाकून चालू देतात, काही दिवस काठी किंवा वॉकर घेऊन. घोट्याचंही बऱ्याच वेळा तसंच. मांडीच्या किंवा नडगीच्या मधोमध लांब प्लेट असेल तर भोकांची रांगच असते, तिथं काही आठवडे कुबड्यांवर वजन वाटून चालायला सांगतात. हाताचं ऑपरेशन झालं असेल तर कपात चहा घ्या, टाइप करा, जेवा; पण भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, दळणाचा डबा दोन-तीन महिने दुसऱ्याला उचलू द्या. पळणं, बॅडमिंटन, फुटबॉल, दंड-बैठका यांना साधारण तीन-चार महिने. तुमच्या डॉक्टरांनी याहून वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण तुमचं हाड त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

बेंगळुरूत या नियमांची खरी परीक्षा जिन्यात आणि रस्त्यावर होते. बीटीएम लेआउट नाहीतर मारतहळ्ळीतल्या पीजीत तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी; काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. एवढं फिजिओनं एकदा दाखवलं तर जिन्याची निम्मी भीती जाते. स्कूटरची गोष्ट निराळी. बिनगिअरची स्कूटर शंभर किलोच्या आसपास असते. सिग्नलला ती एका बाजूला कलली की माणूस नकळत पाय रोवून तिला सावरतो, पाऊल जमिनीवर स्थिर आणि वरचं शरीर वळलेलं. नडगीला पीळ बसायला याहून सोपा प्रसंग नाही, आणि बेंगळुरूच्या वाहतुकीत तो एका फेरीत दहा वेळा येतो. म्हणून ‘पाय दुखत नाही, मग स्कूटर चालवू का?’ या प्रश्नाला माझं उत्तर एकच आहे. प्लेट काढली असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. चारचाकी चालवणाऱ्यानं आधी बघावं, की करकचून ब्रेक दाबताना कळ येते का, आणि गुंगी आणणाऱ्या गोळ्या बंद झाल्या आहेत का. मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्ट आहेत, डब्यात राखीव जागा आहेत. हातात काठी दिसली की लोक उठतात, त्यामुळे काठी नको वाटली तरी गर्दीत ती बरोबर असावी.

घरून काम करता येतं म्हणून रजा न घेण्याची या शहराची रीत मला पटत नाही. खुर्चीत आठ तास पाय खाली सोडून बसलं की सूज वाढते आणि जखम ओलावते. ऑफिसला जाणं टळलं, तरी शरीराला विश्रांती मिळाली नाही. बैठ्या कामाला आठवडा ते दोन आठवडे, उभ्या किंवा ओझ्याच्या कामाला सहा आठवडे ते तीन महिने, असा अंदाज धरून आधीच व्यवस्थापकाशी बोलावं. डिलिव्हरीची कामं करणाऱ्या मुलांना ही चैन नसते हे मला माहीत आहे. तीच मुलं सगळ्यात लवकर स्कूटरवर परततात, म्हणून त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

या शहरात हाडाचं नाव काढलं की कुणीतरी ‘पुत्तूर कट्टू’ सुचवतं. तिरुपतीजवळच्या पुत्तूर गावची ही हाड बसवण्याची परंपरा. तिच्या पाट्या बेंगळुरूच्या अनेक वस्त्यांत दिसतात. आपल्याकडे गावोगावी हाडवैद्य होते तशीच ती आहे, आणि लोकांचा तिच्यावर जुना विश्वास आहे. पण नुकतीच भोकं पडलेल्या हाडाला ओढणं, पिळणं, जोरानं तेल चोळणं हे सरळ धोक्याचं आहे. व्रणाला हलका मसाज करायचा तो जखम पूर्ण मिटल्यावर, तीन-चार आठवड्यांनी, बोटाच्या टोकांनी, आणि फक्त कातडीला. आहाराचं मात्र घरच्यांचं बरंचसं बरोबर असतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. बेंगळुरूकर ती ‘मुद्दे’च्या, म्हणजे शिजवलेल्या गोळ्यांच्या रूपात खातात, आपण भाकरी-आंबिलीच्या. दूध, दही, डाळी, अंडी, मासे यांतून प्रथिनं मिळाली पाहिजेत, कारण जखम प्रथिनांवर भरते. ‘ड’ जीवनसत्त्व एकदा तपासून घ्यावं; काचेच्या इमारतीत दिवस घालवणाऱ्यांत ते बहुधा कमीच निघतं. सिगारेटमुळे हाड आणि जखम दोन्ही उशिरा भरतात. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आल्याशिवाय तारीखच घेऊ नये.

व्यायामाचं थोडक्यात. पहिल्या आठवड्यात मांडीचे स्नायू आवळणं, टाच सरकवणं, सरळ पाय उचलणं. टाके निघाल्यावर एका पायावर तोल धरण्याचा सराव. पहिल्या अपघातानंतर बिघडलेला तोल अनेकांनी कधी दुरुस्तच केलेला नसतो, आणि पुन्हा पडण्याचं ते एक मोठं कारण आहे. हाताला मूठ आवळणं, तळवा वर-खाली वळवणं, वजनाशिवाय. फिजिओकडे दोन-तीन वेळा जरी गेलं तरी फरक पडतो.

एक अपेक्षा मात्र आधीच नीट करून घ्यावी. धातू टोचत होता, घासत होता, तर तो काढल्यावर बहुतेकांना बरं वाटतं. नडगीतल्या रॉडमुळे दुखणारा गुडघा काहींचा थांबतो, काहींचा कमी होतो, काहींचा तसाच राहतो. सांध्यातली कूर्चा घासली असेल, घोटा मुळातच आखडला असेल, तर ते दुखणं धातूचं नव्हतं आणि त्याच्याबरोबर जाणार नाही. ‘थंडीत दुखतं’ ही तक्रारही पुष्कळांची पुढे चालू राहते. हे आधी सांगितलं नाही तर पेशंटला वाटतं, ऑपरेशन फसलं.

शेवटी पैसा. आपली सगळी व्यवस्था पहिल्या ऑपरेशनभोवती उभी आहे. कर्नाटकात २०१६ साली नेलमंगलाजवळच्या अपघातात मरताना अवयवदानाची इच्छा सांगणाऱ्या हरीश नंजप्पाच्या नावानं सरकारनं योजना आणली; तिनं पहिल्या ४८ तासांसाठी २५ हजार रुपयांपर्यंतचा उपचार देऊ केला. केंद्राची २०२५ ची कॅशलेस योजना सात दिवस आणि दीड लाखांपर्यंत. दोन्ही चांगल्या, जीव वाचवणाऱ्या. पण दीड वर्षानंतरची प्लेट त्यांच्या कक्षेत येत नाही. खासगी विम्यात धातू काढणं सहसा डे-केअर उपचारांच्या यादीत असतं, म्हणजे २४ तास भरती राहण्याची अट लागत नाही. अपघातानंतर नवी वैयक्तिक पॉलिसी घेतली असेल तर हे आधीपासूनचं दुखणं ठरतं. त्याची प्रतीक्षा २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे. कंपनीच्या सामूहिक विम्यात ही अट बहुधा नसते, म्हणून नोकरी बदलताना दोन्हीकडचे कागद वाचून मग तारीख ठरवावी.

अपघाताचा दावा चालू असेल तर आणखी एक गोष्ट. सर्वोच्च न्यायालयानं राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात जखमी माणसाच्या भरपाईचे भाग स्पष्ट केले आहेत आणि त्यांत पुढच्या उपचारांचा खर्च हा स्वतंत्र भाग आहे. बेंगळुरूत हे दावे स्मॉल कॉजेस कोर्टात चालतात, आणि कर्नाटकातल्या असंख्य निकालांत ‘इम्प्लांट काढण्याचा खर्च’ म्हणून वेगळी रक्कम दिलेली दिसते. या रकमेवर सहसा व्याज मिळत नाही. डिस्चार्ज कार्डावर धातू अंगात असल्याची नोंद आणि तो काढावा लागेल असं डॉक्टरचं लेखी मत, या दोन कागदांवर ती रक्कम अवलंबून असते. तडजोड करताना वकिलाला याची आठवण करून द्यावी.

हाडांच्या डॉक्टरांना माझी एक विनंती आहे. या ऑपरेशनच्या डिस्चार्ज कार्डावर आज गोळ्यांची नावं आणि टाके काढायची तारीख असते. त्याखाली आणखी चार ओळी लिहा: किती वजन टाकायचं, काय उचलायचं नाही, वाहन केव्हा, खेळ केव्हा. पेशंटला समजेल त्या भाषेत, कन्नडमध्ये, मराठीत, हिंदीत. आणि वाचकहो, त्या ओळी कार्डावर नसतील तर विचारून लिहून घेतल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नका.